हृदयाचा धोका आधी लघवीत दिसतो

नोव्हेंबर १९७५ मध्ये आणीबाणीतल्या स्थानबद्धतेतून सुटलेल्या जयप्रकाश नारायण यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं, तेव्हा त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. मधुमेह जुना होता. जसलोकमध्ये डायलिसिस सुरू झालं आणि त्या आधारावर जेपी जवळपास चार वर्षं जगले. त्याच काळात त्यांनी विरोधकांची मोट बांधली आणि सत्तांतर घडवलं. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचं निधन झालं. कारणं नोंदली गेली ती मधुमेह आणि हृदयविकार. मूत्रपिंडाचं काम यंत्राने उचललं होतं, हृदयाला मात्र कुणी पर्याय देऊ शकलं नाही.

जेपींच्या बाबतीत घडलं ते अपवादाने घडलं नाही. किडनीचा आजार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर डायलिसिसचं यंत्र येतं आणि घरच्यांचा पहिला प्रश्नही तोच असतो, ‘डायलिसिसवर तर जावं लागणार नाही ना?’ प्रत्यक्षात आजाराच्या मधल्या टप्प्यात असलेल्या बहुतेक रुग्णांवर ती वेळ येतच नाही. त्यातले अनेकजण त्याआधीच जातात. अमेरिकेतल्या एका मोठ्या आरोग्यसंस्थेच्या जवळपास २८ हजार रुग्णांचा पाच वर्षांचा मागोवा २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसऱ्या, म्हणजे मधल्या, टप्प्यातल्या रुग्णांपैकी डायलिसिस किंवा प्रत्यारोपणापर्यंत पोचले १.३ टक्के. त्याच पाच वर्षांत मरण पावले २४.३ टक्के. जे गेले त्यांच्यात हृदयाचे आजार, मधुमेह आणि रक्तक्षय यांचं प्रमाण जास्त होतं.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या ११ लाखांहून अधिक प्रौढांचा अभ्यास आला. त्याचा निष्कर्ष समजायला एक आकडा माहीत हवा. दोन्ही मूत्रपिंडं मिळून मिनिटाला किती मिलिलिटर द्रव गाळतात त्याला जीएफआर म्हणतात. निरोगी तरुण माणसात तो ९०च्या वर असतो. तीन महिन्यांहून अधिक काळ ६०च्या खाली राहिला तर जुनाट मूत्रपिंडविकार धरतात. कॅलिफोर्नियात दिसलं ते असं : ज्यांचा जीएफआर ४५ ते ५९ होता त्यांना हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या घटनांचा धोका साधारण १.४ पट, ३० ते ४४ वाल्यांना दुप्पट, १५ ते २९ वाल्यांना २.८ पट आणि १५च्या खाली ३.४ पट. वय, मधुमेह, आधीचे आजार हे सगळं हिशेबात धरूनही. म्हणजे मूत्रपिंड पायरी-पायरीने उतरतं तसा हृदयाचा धोका पायरी-पायरीने चढतो, आणि चढायला सुरुवात होते तेव्हा त्या माणसाला काहीही त्रास होत नसतो.

या लेखात मला मांडायचंय ते एवढंच. मूत्रपिंडाच्या आजाराला आपण किडनीवाल्या डॉक्टरांचा विषय समजतो. तो आधी हृदयाचा विषय आहे. ज्या साध्या तपासणीने तो वेळीच कळतो ती आपल्याकडे फार थोड्यांची होते, याची मला मनापासून चिंता वाटते.

या दोन अवयवांचं नातं नव्याने कळलेलं नाही. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले रिचर्ड ब्राइट १८२०-३०च्या दशकांत अंगावर सूज आलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. लघवीत प्रथिनं असली की ती गोठून पांढरी होत. असे रुग्ण दगावले की ब्राइट शवविच्छेदन करत. मूत्रपिंडं आकसलेली, खडबडीत दिसत आणि त्याबरोबर हृदयाचा डावा कप्पा जाड झालेला दिसे, झडपा धडधाकट असूनही. १८३६ मध्ये त्यांनी अशा शंभर रुग्णांची माहिती छापली. रक्तदाब मोजायचं साधन तेव्हा नव्हतं. तरी बिघडलेल्या रक्तामुळे बारीक वाहिन्यांतून रक्त ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागत असावा, हा त्यांचा तर्क अचूक होता.

ब्राइट यांचं म्हणणं होतं की मूत्रपिंड आधी बिघडतं, मग हृदय. याची दुसरी बाजू दाखवली ती त्याच गायज हॉस्पिटलच्या एका तरुण डॉक्टराने, आणि त्याचं नाव आपल्याकडे जवळजवळ कुणाला माहीत नाही. फ्रेडरिक अकबर महोमेद. पाटण्यात जन्मलेल्या आणि १८१० मध्ये लंडनमध्ये हिंदुस्थानी पदार्थांचं उपाहारगृह काढणाऱ्या शेख दीन मुहम्मद यांचा हा नातू. त्याने नाडीचा आलेख काढणारं यंत्र सुधारलं आणि शेकडो लोकांच्या नाड्या तपासून दाखवलं की लघवीत प्रथिनं नसलेल्या, वरवर निरोगी माणसांतही नाडीचा ताण वाढलेला असतो आणि त्यातल्या काहींची मूत्रपिंडं पुढे बिघडतात. वाढलेला रक्तदाब हा स्वतंत्र आजार आहे, तो आधी येऊ शकतो, हे सांगणाऱ्या पहिल्यांपैकी तो एक. १८८४ मध्ये वयाच्या पस्तिशीत विषमज्वराने तो गेला. आज दर गल्लीत बीपीची गोळी घेणारे भेटतात. त्या सगळ्या विचाराच्या मुळाशी पाटण्याच्या एका कुटुंबाचा वारस आहे, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना तरी शिकवायला हवं.

आता हे नातं चालतं कसं ते पाहू. मूत्रपिंडांचं वजन शरीराच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पण हृदय बाहेर टाकतं त्या रक्तातलं एक पंचमांश किंवा थोडं जास्त त्यांच्याकडे जातं, मिनिटाला साधारण एक लिटर. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचा एक गुंता. दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जातो, त्यातला जवळपास सगळा परत घेतला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी होते. एवढा रक्तपुरवठा लागणारा अवयव दाबाच्या प्रत्येक चढउताराकडे लक्ष ठेवून असणारच.

ते लक्ष ठेवायचं रसायन १८९८ मध्ये स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी शोधलं. सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला तर त्याचा रक्तदाब चढे. अर्कातल्या द्रव्याला त्यांनी रेनिन म्हटलं, आणि पुढची तीन-साडेतीन दशकं त्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. १९३४ मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमनीला चिमटा लावून ती अरुंद केली आणि रक्तदाब वाढलेला दाखवला. तेव्हा रेनिनची आठवण झाली. मूत्रपिंडाला रक्त कमी पडलं की ते रेनिन सोडतं, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होतं, वाहिन्या आकुंचन पावतात, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं. अपघातात रक्त गेलेल्या माणसाला ही यंत्रणा वाचवते. पण हृदयच अशक्त झालेलं असेल तर हीच यंत्रणा त्याच्या मुळावर येते. रक्त कमी येतंय एवढंच मूत्रपिंडाला कळतं. का कमी येतंय ते कळत नाही. मग ते पाणी साठवतं, दाब वाढवतं आणि थकलेल्या हृदयावर आणखी ओझं टाकतं. पायावर सूज, रात्री आडवं झोपलं की धाप, उशाला दोन-तीन उशा घ्याव्या लागणं, हे सगळं त्यातून येतं.

हृदयाकडून मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या या नुकसानीत एक गोष्ट बरीच वर्षं दुर्लक्षित राहिली. हृदय नीट पंप करत नाही म्हणून मूत्रपिंडाला रक्त कमी पडतं, एवढंच कारण मानलं जाई. गेल्या वीसेक वर्षांतल्या अभ्यासांनी दाखवलं की हृदयाच्या उजव्या बाजूला तुंबलेलं रक्त शिरांतून मागे सरकून मूत्रपिंडावर जो दाब आणतं, तो तितकाच, कधी अधिक घातक असतो. पुढून येणारं कमी आणि मागून निचरा नाही. याचा उपचारावर थेट परिणाम होतो. अंगात पाणी भरलेल्या रुग्णाच्या रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावलं की साठणारं टाकाऊ द्रव्य) वाढलेलं पाहून लघवी वाढवणारी गोळी घाईने बंद केली तर अनेकदा क्रिएटिनिन आणखी वाढतं, कारण तुंबलेलं तसंच राहतं. ‘पाणी काढायच्या गोळीने किडनी खराब होते’ ही समजूत घराघरात आहे. अंगात खरोखर पाणी साठलेलं असेल तेव्हा ती गोळी मूत्रपिंडाला दिलासाच देते. ती कमी-जास्त करण्याचा निर्णय डॉक्टरांनी रुग्णाचं वजन आणि सूज पाहून घ्यायचा असतो. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने नव्हे.

उलट दिशेचं, म्हणजे मूत्रपिंडाकडून हृदयाकडे होणारं नुकसान अधिक गुंतागुंतीचं आहे आणि मला वाटतं या विषयाचा गाभा तिथे आहे. हृदयविकार म्हटला की आपण कोलेस्टेरॉल आणि ब्लॉकेज एवढाच विचार करतो. मूत्रपिंड उतरतं तसतसं हृदय बऱ्याच वेगळ्या मार्गांनी झिजतं. रक्तातलं फॉस्फेट बाहेर जात नाही. ते बाहेर टाकायला हाडांतून एफजीएफ-२३ नावाचं संप्रेरक वाढत्या प्रमाणात येतं आणि ते हृदयाचा स्नायू जाड करतं. कॅल्शियम आणि फॉस्फेट धमन्यांच्या मधल्या थरात बसतात, धमनी ताठ होते, प्रत्येक ठोक्याला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. रक्त तयार करायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंडातच बनतं. ते कमी पडलं की रक्तक्षय, आणि पातळ रक्तातून शरीराला प्राणवायू पुरवायला हृदय जोराने धावतं. जाड झालेल्या स्नायूत धाग्यासारखी तंतुमय ऊती वाढते आणि ठोक्यांची लय बिघडायला जागा मिळते. त्यात रक्तातलं पोटॅशियम वर-खाली झालं की हृदय अचानक थांबू शकतं.

म्हणून डायलिसिसवरच्या रुग्णांचे मृत्यू अनेकदा झटक्याने येतात. छातीत दुखून, अँजिओग्राफीला वेळ मिळून नव्हे. पाश्चात्त्य देशांच्या नोंदींत डायलिसिसवरच्या निम्म्याच्या जवळपास मृत्यूंमागे हृदय आणि रक्तवाहिन्या असतात. पंचविशी-तिशीतल्या डायलिसिस रुग्णाचा या कारणाने मरण्याचा धोका अतिवृद्ध माणसाच्या धोक्याइतका असतो, हे १९९०च्या दशकाअखेरीस स्पष्ट झालं होतं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ३२ हजार रुग्णांच्या अभ्यासात दिसलं की आठवड्यात तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांत दोन दिवसांच्या सुट्टीनंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना जास्त होतात. तेवढ्या अवधीत साठलेलं पाणी आणि पोटॅशियम हृदयाला पेलत नाही. आपल्याकडे पैसे, अंतर आणि खाटांची टंचाई यामुळे कितीतरी रुग्ण आठवड्यातून दोनदाच डायलिसिस घेतात. सुट्टी आणखी लांबते. ज्या गावाहून तालुक्याच्या केंद्रावर यायला एसटीचे दोन तास लागतात, तिथल्या रुग्णाला तिसरी फेरी घ्यायला सांगणं सोपं आहे, ती जमवून देणं ही व्यवस्थेची जबाबदारी आहे.

हे हृदय वेगळ्या मार्गाने आजारी पडतं, म्हणून नेहमीचे उपायही तिथे नेहमीसारखे चालत नाहीत. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन ही हृदयरोगातली हुकमी गोळी. पण डायलिसिसवरच्या रुग्णांत ती नव्याने सुरू करून फायदा होतो का हे पाहणाऱ्या २००५ आणि २००९ मधल्या दोन मोठ्या चाचण्यांत ठोस फायदा दिसला नाही. त्याच्या आधीच्या टप्प्यांत मात्र तिचं काम आहे. २०११ च्या ‘शार्प’ चाचणीत स्टॅटिन आणि इझेटिमाइब यांच्या जोडगोळीने मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांत धमनीकाठिण्याच्या मोठ्या घटना १७ टक्क्यांनी कमी झाल्या. रक्तक्षयाचंही तसंच. एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं आल्यावर हिमोग्लोबिन जितकं वर नेऊ तितकं हृदयाचं भलं, असं सगळ्यांना वाटलं. २००६ मध्ये चाचण्यांनी दाखवलं की ते निरोगी माणसाच्या पातळीवर नेलं तर फायदा नाही, उलट इजा. आता दहा-साडेअकराच्या आसपास समाधान मानतात.

अँजिओग्राफीचा प्रश्न रुग्णांच्या नातेवाइकांना सर्वांत जास्त छळतो. तपासणीत टोचलेल्या डायमुळे किडनी जाईल या भीतीने क्रिएटिनिन वाढलेल्या रुग्णाला हृदयाचे योग्य उपचारच मिळत नाहीत, हे जगभर नोंदलं गेलंय. खरं तर ज्यांचा धोका सर्वांत जास्त त्यांनाच उपचार सर्वांत कमी. इथे दोन परिस्थिती वेगळ्या करायला हव्यात. हार्ट अ‍ॅटॅक चालू आहे, तेव्हा डायची भीती दुय्यम, हृदय वाचवणं पहिलं. पण त्रास स्थिर आहे, औषधांवर माणूस बरा चाललाय आणि मूत्रपिंड बरंच उतरलेलं आहे, अशा रुग्णांत लगेच अँजिओग्राफी आणि स्टेंट किंवा बायपास करून आयुष्य वाढतं का हे २०२० च्या ‘इस्केमिया-सीकेडी’ चाचणीने ७७७ रुग्णांत तपासलं. आधी औषधं देण्यापेक्षा ते सरस ठरलं नाही. या चाचणीचा निष्कर्ष माहीत असलेला नातेवाईक डॉक्टरांशी अधिक चांगलं बोलू शकतो : ‘हे आत्ता, तातडीने गरजेचं आहे का?’

आता आशेची बाजू. ती खरोखर मोठी आहे. रेनिनच्या साखळीचं ज्ञान १९६० च्या दशकात ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषापाशी येऊन भेटलं. सर्जिओ फरेरा यांनी जराराका या विषारी सापाच्या विषातली जी द्रव्यं अभ्यासली, त्यांतून धागा मिळून स्क्विब कंपनीच्या कुशमन आणि ओन्डेटी यांनी कॅप्टोप्रिल बनवलं. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. अँजिओटेन्सिन बनणंच रोखणारं हे औषध रक्तदाबाचं म्हणून आलं, अशक्त हृदयाचं औषध ठरलं आणि १९९३ मध्ये मूत्रपिंडाचंही. टाइप १ मधुमेहामुळे मूत्रपिंड बिघडलेल्या ४०९ रुग्णांत त्याने मृत्यू, डायलिसिस आणि प्रत्यारोपण यांचा एकत्रित धोका निम्म्यावर आणला. २००१ मध्ये लोसार्टन आणि इर्बेसार्टन यांनी टाइप २ मधुमेहात मूत्रपिंडाला आधार दिला. नावात ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असलेली गोळी तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यात बहुधा असेल.

आणि ती गोळी कुणीतरी मध्येच बंदही केली असेल. सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढतं. गाळण्यांतला वाढलेला दाब उतरतो म्हणून ते वाढतं, त्यात मूत्रपिंडाचं दीर्घकालीन हितच असतं. चार आठवड्यांत ३० टक्क्यांपर्यंतची वाढ मान्य करून गोळी चालू ठेवावी, पोटॅशियम तपासत राहावं, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगतं. तरी रिपोर्टमधला लाल आकडा पाहून ती थांबवली जाते. एक डॉक्टर हृदयासाठी देतात, दुसरे किडनीसाठी काढतात, रुग्ण दोन फाइल्स घेऊन दोन दवाखान्यांत फिरतो. दोघांपैकी कुणी एकमेकांना फोन केला तर किती फरक पडेल!

दुसरी मोठी झेप अनपेक्षितपणे आली. १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन हे कडू द्रव्य वेगळं केलं गेलं होतं. ते घेतलं की लघवीतून साखर जाते. त्याच गुणावर बेतलेल्या नव्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, मधुमेहासाठी आल्या. मधुमेहाच्या औषधांनी हृदयाला इजा तर होत नाही ना हे सिद्ध करा, असा अमेरिकी नियामकाचा २००८ पासून आग्रह होता. म्हणून चाचण्या झाल्या, आणि २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीने सगळ्यांना चकित केलं. हृदयाच्या कारणाने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी, हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात भरती ३५ टक्क्यांनी कमी. पुढे २०२० च्या ‘डापा-सीकेडी’ चाचणीत मूत्रपिंडाचं मोठं नुकसान किंवा मूत्रपिंड वा हृदयाच्या कारणाने मृत्यू यांचा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी उतरला. त्यातल्या जवळपास एक तृतीयांश रुग्णांना मधुमेह नव्हताच. एकाच गोळीने दोन्ही अवयव सावरावेत, यापेक्षा त्यांच्या नात्याचा मोठा पुरावा कोणता?

भारतात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट ऑक्टोबर २०२० मध्ये संपलं आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. साठ रुपयांच्या आसपास मिळणारी एम्पाग्लिफ्लोझिनची गोळी काही कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली. आपल्या देशातल्या मध्यमवर्गीय आणि गरीब रुग्णासाठी ही घटना एखाद्या नव्या शोधाइतकीच महत्त्वाची आहे. फिनेरेनोन आणि सेमाग्लुटाइड यांनीही मधुमेहाच्या रुग्णांत दोन्ही अवयवांना फायदा दाखवलाय. ती मात्र आली तेव्हा बहुतेकांच्या खिशाबाहेर होती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदय, मूत्रपिंड आणि चयापचय यांचा मिळून एकच आजार मानावा अशी मांडणी केली आणि पाठोपाठ हृदयविकाराचा धोका मोजायच्या नव्या सूत्रात जीएफआरला जागा दिली. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मूत्रपिंडाच्या आरोग्यावर ठराव केला. ब्राइट यांच्या चमच्यानंतर जवळपास दोनशे वर्षांनी.

आपल्या भूमीवर या विषयाचा भार किती आहे ते २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासातून कळतं. देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावर. प्रौढांत उच्च रक्तदाबाचं प्रमाण ३५.५ टक्के. मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, म्हणजे दर चार प्रौढांत एकाहून अधिक. या लोकांच्या गाळण्या आणि धमन्या एकाच वेळी झिजताहेत. मधुमेह-रक्तदाब नसतानाही शेतकरी-मजुरांना ग्रासणारा मूत्रपिंडविकार हा निराळा आणि गंभीर प्रश्न आहे. गोव्यातलं काणकोण आणि विदर्भातल्या खारपाणपट्ट्यातली गावं त्यासाठी बातम्यांत येत असतात. त्याला स्वतंत्र लेख हवा.

सरकारी पातळीवर जे झालं ते प्रामुख्याने शेवटच्या टप्प्यासाठी. २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. यामुळे हजारो घरं कर्जापासून वाचली, ते कमी लेखता येणार नाही. पण मूत्रपिंडविकाराचे बहुसंख्य बळी डायलिसिसच्या खुर्चीपर्यंत पोचतच नाहीत, हे वर पाहिलं. त्यांच्यासाठी योजना कुठे आहे?

ती कशी असू शकते याचं उदाहरण आपल्याच देशात घडलंय. जसलोकमध्ये जेपींवर उपचार करणारे मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. एम. के. मणी पुढे चेन्नईला गेले. आयुष्यभर डायलिसिस आणि प्रत्यारोपणं केलेल्या या माणसाने ठामपणे सांगितलं की भारताला हे परवडणारं नाही, आजार आधीच धरायला हवा. किडनी हेल्प ट्रस्टतर्फे चेन्नईजवळच्या खेड्यांत स्थानिक तरुण-तरुणींना शिकवून घरोघरी रक्तदाब मोजायला आणि लघवीतली प्रथिनं-साखर तपासायला पाठवलं. दोष सापडला त्यांना स्वस्तातली जुनी औषधं दिली. दरडोई वर्षाला अर्ध्या डॉलरहूनही कमी खर्च आला. काही वर्षांनी शेजारच्या, कार्यक्रम नसलेल्या गावांशी तुलना केली तेव्हा मूत्रपिंडाची क्षमता उतरलेल्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी आढळलं. आपल्या आशाताई रक्तदाब आणि साखरेच्या तपासण्यांसाठी घरोघरी जातातच. त्यांच्या पिशवीत लघवी तपासायच्या पट्ट्या देणं, त्यांना त्याचं वेगळं मानधन देणं आणि पट्टी रंग बदलेल त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळी मिळेल याची हमी देणं, एवढं महाराष्ट्राने केलं तर त्यातून हृदयविकाराचे मृत्यूही कमी होतील असं माझं ठाम मत आहे.

लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन दिसणं म्हणजे फक्त किडनीचा दोष नव्हे. गाळण्यांच्या केशवाहिन्यांचं अस्तर सैल पडलं की अल्ब्युमिन झिरपतं, आणि तिथलं अस्तर सैल पडलंय तर हृदयाच्या आणि मेंदूच्या बारीक वाहिन्यांतही तेच चालू असण्याचा संभव मोठा. २०१० मध्ये लाखाहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून दाखवलं गेलं की जीएफआर चांगला असला तरी लघवीतलं अल्ब्युमिन वाढत जातं तसे हृदयाच्या कारणाने होणारे मृत्यू वाढतात. अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर ३०च्या आत असावं. त्यासाठी सकाळच्या लघवीचा एक नमुना पुरतो, खर्च काही शे रुपये. नुसत्या रक्तातल्या क्रिएटिनिनवर विसंबू नये. निम्मी क्षमता गेली तरी ते ‘नॉर्मल’च्या रकान्यात राहू शकतं, विशेषतः बारीक चणीच्या बायकांत आणि म्हाताऱ्या माणसांत, ज्यांच्या अंगात स्नायू कमी असतात.

घरातल्या काही सवयींबद्दल स्पष्ट बोलायला हवं. गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी दुकानातून चिठ्ठीविना घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात, शरीरात पाणी धरून ठेवतात, हार्ट फेल्युअर वाढवतात. ‘सार्टन’ आणि पाणी काढायच्या गोळीबरोबर घेतल्या तर मूत्रपिंड अचानक बंद पडू शकतं. गुरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅकमुळे त्यांची मढी खाणारी गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली आणि २००६ मध्ये भारताला जनावरांसाठी ते औषध बंद करावं लागलं. माणसाला ते इतकं घातक नाही, पण हृदय-मूत्रपिंड दुबळं असलेल्या माणसाने त्याच्यापासून दूरच राहावं.

मिठाचं तसंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, आपण सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास खातो. लोणचं, पापड, फरसाण, वरून घेतलेलं मीठ. सैंधवाने काही फरक पडत नाही, तेही मुख्यतः तेच मीठ आहे. बाजारातल्या ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम घातलेलं असतं. निरोगी माणसाला ते चांगलं, मूत्रपिंड उतरलेल्याला जिवावरचं ठरू शकतं. शहाळ्याचं पाणी, उपवासाचे बटाटे-रताळी यांतही पोटॅशियम भरपूर. ‘फ्लोझिन’ गटातली गोळी घेणाऱ्या मधुमेह्याने निर्जळी उपवास करू नये आणि जुलाब-उलट्या होत असतील तेव्हा ती गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे डॉक्टरांना विचारावं. गरोदरपणात ज्यांचं बीपी वाढलं होतं त्या बायकांना पुढच्या आयुष्यात हृदय आणि मूत्रपिंड दोन्हींचा धोका जास्त असतो. बाळंतपण झालं की तो विषय संपतो असं घर धरून चालतं. त्या बाईची तपासणी दर वर्षी व्हायला हवी.

तुम्हाला मधुमेह असेल, रक्तदाब असेल, हृदयविकार होऊन गेला असेल किंवा घरात कुणाची किडनी बिघडली असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे दोन गोष्टी मागा : रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेला जीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. दोन्ही आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा, दर वर्षी करा, आणि ती वही किडनीच्या डॉक्टरांनाही दाखवा आणि हृदयाच्या डॉक्टरांनाही.